आकाशपाळण्यात बसून केलेला हिशोब: रिकामी कॅप्सूल आणि आपलं दुकान



व्हिडिओत मी सिंगापूर फ्लायरचे फोटो दाखवले, पण हिशोब घाईघाईत सांगितला. तोच हिशोब इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे आणि तो केल्याशिवाय या लेखाचा काही उपयोग नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. वायर, पंखे, स्विच, दिवे. आमच्या लाइनमध्ये कंपन्यांच्या डीलर स्कीम असतात, टार्गेट पूर्ण केलं की फॉरेन टूर. त्या वर्षी आमचं टार्गेट बसलं आणि मी आणि बायको सिंगापूरला निघालो. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास.

निघताना माझ्या डोक्यात मात्र फिरायचं काहीच नव्हतं. मेन रोडवरचा एक मोठा गाळा मी बघून ठेवला होता. "तालुक्यातलं सगळ्यात मोठं लाइटिंग शोरूम" असा बोर्डही मनात रंगवून झाला होता. गाळामालकाला ५० हजार रुपये इसार दिला होता. आल्यावर करार करायचा, १७ लाखांचं कर्ज काढायचं. त्यातले ५ लाख बायकोच्या पाटल्या आणि गंठण ठेवून. ती हो म्हणाली होती. पण कशी म्हणाली होती, ते तिचं तिलाच माहीत.

आधी हे चाक समजून घेऊ

सिंगापूर फ्लायर म्हणजे आपल्या जत्रेतला आकाशपाळणाच, फक्त प्रचंड. उंची १६५ मीटर, म्हणजे साधारण ४२ मजली इमारत. चाकाचा व्यास १५० मीटर. लोंबकळणाऱ्या पाळण्यांच्या जागी २८ बंद, वातानुकूलित काचेच्या कॅप्सूल. एका कॅप्सूलमध्ये २८ माणसं मावतात. एक फेरी साधारण अर्ध्या तासाची.

२००८ साली हे लोकांसाठी सुरू झालं, तेव्हा जगातलं सगळ्यात उंच चाक हेच होतं. सुरुवातीच्या खास फेऱ्यांची तिकिटं तब्बल ८,८८८ सिंगापूर डॉलरला विकली गेली. चिनी लोकांत ८ हा आकडा शुभ मानतात, म्हणून हा भाव. किंमत ठरवताना गिऱ्हाईकाच्या मनात काय आहे ते बघायचं असतं, याचा हा नमुना.

गंमत म्हणजे, चढताना हे चाक थांबत नाही. इतकं हळू फिरतं की आपण चालत चालत आत शिरतो. परीघ काढा: १५० गुणिले ३.१४, म्हणजे ४७१ मीटर. ते अर्ध्या तासात. सेकंदाला साधारण पाव मीटर. एका बाजूने माणसं उतरतात, दुसऱ्या बाजूने चढतात आणि चाक चालूच राहतं.

आम्ही चढलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. वर जाता जाता एका बाजूला मरिना बे सँड्सचे तीन टॉवर आणि त्यावर ठेवलेली ती जहाजासारखी गच्ची दिसू लागली. मागे गार्डन्स बाय द बे, समुद्रात उभी असलेली असंख्य जहाजं, खाली फॉर्म्युला वन रेसचा रस्ता. सगळे मोबाईल काढून काचेला चिकटले. मी पण.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, तो पुढचा डबा रिकामाच चाललाय की."

बघितलं. खरंच. आमच्या कॅप्सूलमध्ये आम्ही ११ जण. पुढची कॅप्सूल पूर्ण रिकामी. आणि ती आमच्याइतक्याच दिमाखात, आमच्याइतक्याच वेगाने वर चालली होती. माझ्यातला दुकानदार तिथेच जागा झाला.

हिशोब पहिला: रिकामी कॅप्सूल पण वीज खाते

क्षमता काढू. २८ कॅप्सूल गुणिले २८ माणसं, एका फेरीत ७८४. तासाला दोन फेऱ्या, म्हणजे १,५६८ माणसं. समजा चाक दिवसाला १० तास फिरलं तर १५,६८० माणसं. कागदावर.

आता आमच्या फेरीसारखं ११ माणसं एका डब्यात आणि पुढचा डबा रिकामा असं धरलं, तर दोन डब्यांत मिळून ५६ जागा आणि माणसं ११. म्हणजे २० टक्केसुद्धा नाहीत.

पण खर्च? मोटर तीच, वीज जवळपास तीच, कर्मचारी तेच, कर्जावरचं व्याज तेच. रिकामी जागा खाली उतरली की ती कायमची गेली. ती उद्या विकता येत नाही. पंखा आज विकला नाही तर उद्या विकेल, तो रॅकवर असतो. पण आजची दुपार आज विकली नाही तर संपली.

तुमच्या दुकानात अशी रिकामी कॅप्सूल कोणती? माझी होती दुपारी २ ते ५. भवानी सकाळी ९ वाजता व्हायची, संध्याकाळी ६ नंतर गर्दी. मधले तीन तास पोरं मोबाईल बघत बसायची आणि पंखे फिरायचे. भाडं मात्र त्या तीन तासांचंही जात होतं.

हिशोब दुसरा: "सगळ्यात मोठं" ही पदवी भाड्याची असते

२००८ मध्ये १६५ मीटर म्हणजे जगात पहिला नंबर. २०१४ मध्ये अमेरिकेत लास व्हेगासला हाय रोलर उभं राहिलं, उंची साधारण १६७ मीटर. जेमतेम अडीच मीटरचा फरक, पण पदवी गेली. मग २०२१ मध्ये दुबईत ऐन दुबई आलं, २५० मीटर! आणि ते पुढच्याच वर्षी मार्च २०२२ मध्ये बंद झालं, ते पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

अजून एक गोष्ट. सिंगापूर फ्लायरची स्पर्धा फक्त चाकांशी नाही. २०१० मध्ये समोरच मरिना बे सँड्स झालं आणि त्याच्या ५७व्या मजल्यावरच्या गच्चीतून शहर बघायची सोय झाली. गिऱ्हाईकाला चाक नको असतं, त्याला उंचावरून शहर बघायचं असतं. ते जिथून दिसेल तिथे तो जाईल.

माझ्या बोर्डावर काय असणार होतं? "तालुक्यातलं सगळ्यात मोठं." उद्या कोणी माझ्यापेक्षा दहा फूट मोठा गाळा घेतला की माझा बोर्ड खोटा. आणि गिऱ्हाईकाला शोरूम हवंय का? त्याला घरात उजेड हवाय. वायरमन वेळेवर यायला हवाय.

हिशोब तिसरा: धंदा चालू असतो तेव्हाही बुडू शकतो

हा मुद्दा नवीन मित्रांनी दोनदा वाचा.

हे चाक उभारायला सुमारे २४ कोटी सिंगापूर डॉलर लागले. २०१३ मध्ये चाकाची मालक कंपनी देणी भागवू न शकल्यामुळे रिसिव्हरच्या ताब्यात गेली. त्या काळातही चाक फिरतच होतं. लोक तिकीट काढत होते, फोटो काढत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय जोरात धंदा आहे! २०१४ मध्ये स्ट्राको नावाच्या कंपनीने ते विकत घेतलं, १४ कोटी डॉलरला.

म्हणजे बघा. चाक तेच, जागा तीच, दिसणारा समुद्र तोच. पण पहिल्याच्या डोक्यावर २४ कोटींचं ओझं होतं, दुसऱ्याच्या डोक्यावर १४ कोटींचं. तेवढीच माणसं आली तरी एकाला ती कमी पडतील आणि दुसऱ्याला पुरतील.

आपण दुसऱ्याच्या दुकानातली गर्दी बघून धंदा ठरवतो. गर्दी दिसते, हप्ता दिसत नाही.

मित्रांनो, बीबीएच्या दुसऱ्या वर्षात मी "ना नफा ना तोटा बिंदू" हा धडा पाठ करून पास झालो होतो. स्वतःच्या दुकानाचा मात्र तो एकदाही काढला नव्हता. त्या दिवशी हॉटेलवर आल्यावर लेटरपॅडच्या कागदावर काढला. जसाच्या तसा देतो.

नव्या शोरूमचा महिन्याचा खर्च:
- भाडं: ४५,०००
- चार माणसांचा पगार: ६०,०००
- लाइट बिल: १२,०००
- कर्जाचे हप्ते, ५ वर्षांसाठी: ३८,०००
- एकूण: १,५५,०००

माझ्या मालावर सरासरी सुटतात १६ टक्के. म्हणजे १,५५,००० भागिले ०.१६, महिन्याला ९,६८,७५० रुपयांची विक्री हवी. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचे साधारण ३७,२६० रुपये. माझं सरासरी बिल ९०० रुपयांचं. म्हणजे रोज ४२ बिलं. आणि हे फक्त खर्च भागायला. घरखर्चाचे ३० हजार धरले तर आकडा जातो ५० बिलांवर.

आणि तेव्हा माझी बिलं किती होत होती? साध्या महिन्यात रोज ३०. दिवाळीच्या महिन्यात ७०. मी शोरूमचं स्वप्न दिवाळीच्या ७० वर रंगवलं होतं आणि हप्ता मात्र बाराही महिने भरायचा होता.

आता जुन्या दुकानाचा हिशोब. भाडं १४,०००, दोन पोरांचा पगार २६,०००, लाइट ४,०००. एकूण ४४,०००. एका बिलामागे १४४ रुपये सुटतात, रोज ३० बिलं, २६ दिवस: १,१२,३२०. खर्च वजा जाता हातात साधारण ६८ हजार.

तीच ३० बिलं नव्या शोरूममध्ये झाली असती तर? १,१२,३२० वजा १,५५,०००. महिन्याला साडेबेचाळीस हजारांच्या वर खड्डा.

कागदाकडे बघत बसलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी कागद तिच्या हातात दिला. तिने खालचा आकडा वाचला आणि काहीच बोलली नाही. नुसत्या हातातल्या पाटल्या मागे सारल्या. मित्रांनो, मला त्या क्षणी जी लाज वाटली ती कुठल्याही बॅलन्सशीटमध्ये मांडता येणार नाही. चार महिने मी सगळ्यांना बोर्डाचा रंग सांगत होतो, आकडा एकालाही सांगितला नव्हता. कारण आकडा माझ्याकडेच नव्हता.

हिशोब चौथा: सगळं एकाच चाकावर

२३ डिसेंबर २००८. सिंगापूर फ्लायर सुरू होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. नियंत्रण कक्षात शॉर्टसर्किट होऊन आग लागली आणि चाक थांबलं. १७३ माणसं वर अडकली. सुमारे सहा तास. काहींना दोरांच्या साहाय्याने खाली उतरवावं लागलं. त्यानंतर पर्यायी यंत्रणा बसवून चाक पुन्हा सुरू झालं ते २६ जानेवारी २००९ ला. नाताळ, नवीन वर्ष, म्हणजे ऐन सीझनचा महिना गेला.

एकच मशीन, एकच कंपनीची डीलरशिप, एकच मोठं गिऱ्हाईक, किंवा सगळं काम येणारा एकच माणूस. ते थांबलं की आपण थांबलो. माझ्याकडे निम्मा माल एकाच कंपनीचा होता, कारण टूरचं टार्गेट पूर्ण करायचं होतं! ज्या टूरवर हा धडा मिळाला ती टूरच त्या चुकीची होती, हेही मान्य करायला हवं.

आणि हो, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. चाक सुरू झाल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट २००८ मध्ये, फेंगशुईच्या जाणकारांच्या सल्ल्याने ते उलट्या दिशेने फिरवायला सुरुवात केली. आपल्याकडे गल्ल्याचं तोंड कुठे असावं यावर चर्चा होते तसंच. मी श्रद्धेला नावं ठेवणार नाही, माझ्या दुकानातही गणपती आहे आणि गल्ला पूर्वेलाच आहे. पण दिशा बदलल्यानंतर पाचव्या वर्षी रिसिव्हर आला, हेही लक्षात ठेवा. दिशा बघा, जरूर बघा. सोबत हप्ता पण बघा.

हिशोब पाचवा: एकच फेरी, वेगवेगळी किंमत

सगळंच चुकीचं नाही हं. शिकण्यासारखंही खूप आहे. त्याच चाकाच्या काही कॅप्सूलमध्ये टेबल मांडून जेवण देतात. काही फेऱ्यांत शॅम्पेन किंवा सिंगापूर स्लिंग मिळतं. चाक वेगळं नाही, उंची वेगळी नाही. त्याच फेरीत गिऱ्हाईकाला आणखी काय देता येईल याचा विचार केलाय आणि त्याची वेगळी किंमत लावलीय. गुंतवणूक नवीन चाकाची नाही, एका टेबलाची.

हाच प्रश्न मी स्वतःला विचारला. माझ्या जागेत, माझ्याच माणसांत, अजून काय विकता येईल?

जत्रेतला पाळणावाला जास्त हुशार निघाला

परतीच्या विमानात मला आमच्या गावच्या जत्रेतला आकाशपाळणावाला आठवला. लहानपणी आम्ही त्याच्यावर चिडायचो, कारण पाळणे भरल्याशिवाय तो चालूच करायचा नाही. "अजून दोन येऊ द्या" म्हणत ताटकळत ठेवायचा. आणि जत्रा संपली की सगळा पाळणा सुटा करून ट्रकमध्ये भरायचा आणि पुढच्या गावच्या जत्रेला निघायचा.

आता विचार करा. तो रिकामी फेरी मारत नाही. गर्दी जिथे, तिथे तो जातो. जागेचं भाडं जत्रेच्या दिवसांपुरतं. सिंगापूरचं चाक एका जागी उभं राहून गर्दीची वाट बघतं. ते मोठ्या शहराला, मोठ्या भांडवलाला परवडू शकतं. आपल्यासारख्याने सुरुवात पाळणावाल्यासारखी करावी. आधी गर्दीकडे जा, अंदाज घ्या, मग जागा धरा.

मग मी काय केलं?

आल्यावर गाळामालकाला भेटलो आणि करार करणार नाही म्हणून सांगितलं. इसाराचे ५० हजार परत मिळाले नाहीत, आणि नियमाने ते मिळणारही नव्हते. घरी आल्यावर मला वाटलं अण्णा चिडतील. आयुष्यभर एकेक रुपया मोजलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "इसार गेला म्हणून गाळा घ्यायचा असता का? गेलं ते गेलं. जेवायला बस."

पाटल्या कपाटातच राहिल्या.

मग तीन गोष्टी केल्या.

एक, दुपारी २ ते ५ ही वेळ पोरांकडून मोबाईल काढून घेऊन कामाला लावली. घरच्या वायरिंगचा अंदाज काढून देणं, पंखा दुरुस्ती, घरपोच बसवून देणं. दोन वायरमनशी ठरवून घेतलं. पहिल्या महिन्यात फक्त तीन कामं आली. मी जवळजवळ बंद करणार होतो. सहाव्या महिन्यापासून यातून महिन्याला साधारण १८ हजार हातात राहायला लागले. भाडं एक रुपयाही वाढलं नाही.

दोन, आठवडी बाजारात एक टेबल लावलं. एलईडी बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च. तिथे कळलं की कोणत्या गावची माणसं काय मागतात. ही माहिती शोरूमच्या काचेतून कधीच दिसली नसती.

तीन, एकाच कंपनीचा माल निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शापर्यंत आणला. पुढची फॉरेन टूर हुकली. बायको म्हणाली, "बरं झालं, यंदा कोकणात जाऊ." गेलो. स्वतःच्या पैशाने.

मोठं दुकान करूच नका, असं मी म्हणत नाहीये. मी पण करणार आहे. पण ज्या दिवशी साध्या महिन्यात, म्हणजे दिवाळी सोडून, माझी रोजची ५० बिलं सलग सहा महिने होतील, त्या दिवशी. बोर्डाचा रंग त्यानंतर ठरवू.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचा महिन्याचा न टळणारा खर्च लिहा. भाडं, पगार, लाइट, हप्ते. स्वतःचा घरखर्च विसरू नका.

२. १०० रुपयांच्या विक्रीत माल वजा जाता किती रुपये सुटतात ते लिहा. अंदाजाने नको, मागच्या महिन्याची बिलं काढून.

३. खर्चाला त्या टक्क्याने भागा. मग कामाच्या दिवसांनी भागा. मग सरासरी बिलाने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमची रोजची बिलं. हा आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.

४. सात दिवस, दर तासाला किती गिऱ्हाईक आलं ते वहीत टिपा. रिकामी कॅप्सूल आपोआप दिसेल.

५. त्या वेळेत, नवीन जागा न घेता, काय विकता येईल अशा तीन गोष्टी लिहा. त्यातली एक सोमवारपासून सुरू करा.

आणि जमलं तर हा कागद घरात एकदा वाचून दाखवा. ज्यांचं सोनं, ज्यांची जमीन, ज्यांची बचत आपण धंद्यात लावतो, त्यांना बोर्डाच्या आधी आकडा कळला पाहिजे.

पुढच्या भागात बघू, उधारीची वही कशी आवळायची. तोपर्यंत गल्ला सांभाळा, तब्येत सांभाळा. भेटू.